देवळालीचा ताप

माणसाच्या कपाळी एकदा अपकीर्तीचा टिळा लागला की तो पुसण्यास जन्म अपुरा पडतो, असे आपण म्हणतो. गावाच्या बाबतीत तर चार-चार पिढ्याही पुरत नाहीत. त्यातून ते गाव लष्करी छावणीचे असेल तर विचारूच नये. छावणी म्हटली की दारू, दंगा, रंगेल शिपाई आणि दिवेलागणीनंतर घरंदाज माणसाने टाळावयाचा बाजार, असे चित्र जुन्या पिढीच्या डोळ्यांपुढे उभे राहत असे. हे चित्र कितपत खरे होते, आणि खरे असले तरी छावणीच्या गावाला ते पुसून टाकता येते काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

श्रोतेहो, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी एकच गाव निवडले आहे. आदिलाबादहून किनवट, नांदेड, मनमाड या मार्गाने मुंबईस जाताना नाशिकरोड मागे पडले की देवळालीचे स्थानक लागते. मुंबईपासून सुमारे १८० किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १८०० फूट उंचीवर वसलेले हे गाव आपल्याला परिचित आहे ते त्याच्या कोरड्या, आल्हाददायक हवेमुळे. पण इंग्रजी भाषेचा कोश उघडला तर याच गावाचे नाव तेथे निराळ्याच अर्थाने सापडते. ‘डूलाली’ म्हणजे डोके फिरलेला, भ्रमिष्ट! देवळालीचा इंग्रज शिपायांच्या तोंडी झालेला हा अपभ्रंश. पूर्वी ते ‘डूलाली टॅप’ असे म्हणत. यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. शिपायांनी हिंदुस्थानी भाषेतला शब्द उचलला, मायदेशी नेला, आणि पुढे त्याचा अर्थ विसरून गेले. एखाद्या गावाच्या नावाने वेडाला नाव पडावे, याहून मोठी अपकीर्ती ती कोणती?

ही अपकीर्ती आली कोठून? १८६१ च्या सुमारास देवळालीस छावणी उभी राहिली. लोहमार्ग जवळ होता, मुंबई बंदर फार दूर नव्हते आणि हवा चांगली होती. म्हणून विलायतेहून येणाऱ्या पलटणींची पहिली उतरण्याची जागा आणि नोकरी संपवून परतणाऱ्या शिपायांची शेवटची मुक्कामाची जागा म्हणून हे ठिकाण वापरात आले. घोटाळा झाला तो या शेवटच्या मुक्कामात. सैनिकांची ने-आण करणारी जहाजे वर्षभर चालत नसत. पावसाळ्यातील खवळलेला समुद्र आणि तांबड्या समुद्रातील उन्हाळा टाळण्यासाठी ती साधारणपणे हिवाळ्याच्या महिन्यांतच सुटत. ज्या शिपायाची मुदत उन्हाळ्याच्या तोंडी संपली, त्याला पुढचा हंगाम सुरू होईपर्यंत, म्हणजे काही महिने, देवळालीस थांबावे लागे.

आणि थांबावे लागे ते निव्वळ थांबण्यासाठी. कवायत नाही, पहारा नाही, नेमून दिलेले काम नाही. घरची ओढ लागलेली, पण घरी जाण्याचा उपाय नाही. वर ऊन, अंगात हिवताप, खिशात थोडासा पगार आणि हाताशी दारू. अशा स्थितीत माणसाचे जे व्हायचे ते झाले. कोणी मारामाऱ्या करी, कोणी तुरुंगात जाई, तर कोणी खरोखरच भ्रमिष्टासारखे वागू लागे. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या एका साध्या शिपायाने हिंदुस्थानातील आपल्या नोकरीच्या आठवणी १९३६ साली प्रसिद्ध केल्या. त्यात त्याने या वाक्प्रचाराचे मूळ छावणीतील कंटाळवाण्या मुक्कामातच असावे, असे म्हटले आहे. देवळालीच्या हवापाण्यात वेड नव्हते. वेड होते ते रिकामपणात आणि अनिश्चिततेत. विशी-पंचविशीच्या गरीब घरच्या पोरांना वेळापत्रकाच्या सोयीसाठी असे टांगून ठेवणाऱ्या व्यवस्थेचे नाव कोशात गेले नाही. गावाचे मात्र गेले.

इतर छावण्यांची कथाही याहून फारशी वेगळी नाही. आपल्या मराठवाड्यात हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, येथे हैदराबाद कंटिंजंट या फौजेची ठाणी होती. १९०३ साली ही फौज हिंदी सैन्यात विलीन करण्यात आली. जिथे-जिथे गोऱ्या पलटणी होत्या, तिथे-तिथे ‘लाल बाजार’ हा शब्दही होता. त्याची जबाबदारी लोक गावावर किंवा त्या अभागी स्त्रियांवर टाकीत. परंतु गोऱ्या शिपायांपैकी अगदी थोड्यांनाच सहकुटुंब राहण्याची परवानगी होती, आणि १८६४ च्या छावणीविषयक कायद्यानंतर अशा स्त्रियांची नोंदणी व तपासणी यांची व्यवस्था सरकारच करू लागले, हे ध्यानात घेतले पाहिजे. यावरून एक नियम हाती लागतो. छावणीच्या गावाची अपकीर्ती बहुधा तेथे कायम राहणारे लोक निर्माण करीत नाहीत. ती निर्माण करतात येणारे-जाणारे, आणि त्यांना तशा अवस्थेत ठेवणारे. पण ती भोगावी लागते मागे राहणाऱ्यांना.

मग देवळालीने काय केले? तिने आपले नाव बदलले नाही, की कोशकारांवर फिर्याद लावली नाही. तेथे वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळी कामे आरंभिली, एवढेच. ज्या हवेत शिपाई कंटाळला, त्याच हवेसाठी मुंबईचे पारशी आणि गुजराती लोक येथे येऊ लागले. त्यांनी बंगले बांधले, आरोग्यधामे उभारली. दुखणाईत माणूस देवळालीस जाऊन सुधारून आला, हे वाक्य मुंबईच्या कितीतरी घरांत ऐकू येऊ लागले. १९२५ साली बार्न्स विद्यालय सुरू झाले. पेशावरहून आलेल्या एका फळव्यापाऱ्याचा मुलगा येथे शिकला. पुढे दिलीपकुमार या नावाने तो साऱ्या देशाला परिचित झाला. फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबांना याच छावणीच्या परिसरात आसरा मिळाला. परतीच्या वाटेवरील शिपायांना जी जागा तुरुंगासारखी भासली, तीच घर गमावलेल्यांना घरासारखी वाटली असल्यास नवल नाही.

लष्करही गेले नाही. मात्र त्याचे स्वरूप पालटले. काकूल येथे असलेली तोफखान्याची शिक्षणसंस्था १९४० नंतरच्या दशकात देवळालीस आली आणि स्वातंत्र्यानंतर ती भारतीय तोफखान्याचे विद्यापीठच बनली. वाट पाहण्याची जागा होती, ती शिकण्याची जागा झाली. २०१८ च्या नोव्हेंबरात ‘के-नऊ वज्र’ आणि ‘एम-७७७’ या नव्या तोफा सैन्यात दाखल करून घेण्याचा समारंभ देवळालीसच झाला. त्या शिक्षणाची किंमतही थोडी नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात हैदराबादच्या तोफखाना केंद्रातून सरावासाठी आलेले दोन अग्निवीर तोफगोळ्याच्या स्फोटात मृत्यू पावले. ऐन विशीतली ती मुले होती. छावणीच्या गावाविषयी थट्टेने बोलताना आपण कोणाविषयी बोलतो आहोत, याचे भान अशा वेळी तरी यावे.

लष्कराशी संबंध नसलेली एक गोष्टही सांगतो. ७ ऑगस्ट २०२० रोजी देशातील पहिली किसान रेल्वे सुटली ती देवळालीहून बिहारमधील दानापूरला. एके काळी ज्या स्थानकावर कंटाळलेले शिपाई घरच्या गाडीची वाट पाहत, तेथून नाशिककडच्या शेतकऱ्यांचा माल शेकडो कोस दूरच्या बाजारपेठेकडे निघाला.

आता मूळ प्रश्न. अपकीर्ती पुसली गेली काय? तर नाही. इंग्रजी कोशात तो शब्द अजून आहे. १९७४ ते १९८१ या काळात बीबीसीने देवळालीच्या छावणीतील गोऱ्या कलापथकावर एक विनोदी दूरचित्रवाणी मालिका दाखविली. तिने ते नाव पुन्हा घरोघर नेले. शब्द एकदा दूरदेशी गेला की त्याला परत बोलावता येत नाही. परंतु मौज अशी, की मराठीत हा शब्द कधी आलाच नाही. नाशिकच्या माणसाला ‘देवळालीचा ताप’ म्हटले तर तो कपाळाला हात लावून विचारील, ‘कोणाला आला?’ देवळाली म्हणताच त्याला आठवते ती हवा, तोफांचा दूरवरून येणारा आवाज आणि टेकडीवरचा खंडोबा. जे गावाला ओळखतात त्यांच्या तोंडी गावाचे नाव स्वच्छ आहे. ज्यांनी गाव पाहिलेच नाही त्यांच्या तोंडी ते मळलेले आहे. तेव्हा अपकीर्ती पुसली जात नाही, हे खरे. पण तिच्याहून मोठी अशी दुसरी कीर्ती तिच्या शेजारी उभी करता येते, हेही तितकेच खरे.

तेलंगणातील उदाहरण हवे असल्यास सिकंदराबाद घ्या. निजाम सिकंदरजाह याच्या नावाने १८०६ साली वसलेली ही छावणी. तेथील फौजेलाही हिवतापाचा त्रास होताच. पण २० ऑगस्ट १८९७ रोजी त्याच छावणीत रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टराने डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू शोधून काढले. ताप तोच, एकीकडे त्याची थट्टा झाली आणि दुसरीकडे त्याचा शोध लागला. एवढ्या फरकाने इतिहासातील जागा बदलते.

आणि आपला आदिलाबाद? आपल्याकडे मोठी छावणी नाही, पण अपकीर्तीचा अनुभव मात्र आहे. येथे बदली झाली म्हणजे शिक्षा झाली, असे अंमलदार मानीत, ही गोष्ट जुनी माणसे अजून सांगतात. जंगल, ताप आणि मागासलेपण एवढीच आपली ओळख बाहेर होती. परंतु कोमराम भीमच्या १९४० च्या बलिदानानंतर याच मुलुखातील मार्लवाई येथे, म्हणजे आजच्या कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात, १९४३ साली गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले, आणि गोंडी भाषेची पहिली वाचनपुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली. अंमलदार ज्या मुलुखाला शिक्षा समजत होते, त्याच मुलुखात मुलांना त्यांच्या स्वतःच्या भाषेतून शिकविण्याचा प्रयोग झाला. ही गोष्ट आपल्यापैकी किती जण पाहुण्यांना सांगतात?

आम्हा शिक्षकांना एक अनुभव नेहमी येतो. एखाद्या मुलाला ‘वांड’ म्हणून वर्गाने एकदा ठरविले की तो वांडपणाच करू लागतो. त्याला ‘तू वांड नाहीस’ असे सांगून उपयोग होत नाही. त्याच्या हाती काहीतरी काम द्यावे लागते, मग ते घंटा देण्याचे असो की फळा लिहिण्याचे. चार महिन्यांनी तेच काम त्याची ओळख होते. जुने नाव कोणी आठवीत नाही असे नाही, पण ते आठवण्यास कोणाला कारण उरत नाही.

गावाचेही असेच आहे. आपले नाव खराब का झाले, हे आधी प्रामाणिकपणे समजून घ्यावे आणि त्यात दोष व्यवस्थेचा असेल तर तो उघडपणे बोलून दाखवावा. त्यानंतर मात्र बाकीच्या लोकांशी वाद घालण्यात शक्ती खर्चू नये. ती शाळेत, दवाखान्यात, शेतात आणि बाजारपेठेत खर्चावी. देवळालीच्या शिपायांना ताप चढला तो हाताला काम नव्हते म्हणून. देवळालीचा ताप उतरला तो हातांना काम मिळाले म्हणून.