कबरीवरची मेणबत्ती कोणासाठी?
(ओळख ख्रिस्ती परंपरांची : भाग ९)

दिवाळीच्या आगेमागे २ नोव्हेंबर येतो. त्या दिवशी सोलापुरातली कॅथलिक कुटुंबे आपल्या माणसांच्या कबरी झाडून, धुऊन शेवंतीची फुले वाहतात आणि मेणबत्त्या लावतात. वारा सुटला की कापलेल्या प्लास्टिकच्या बाटलीचा आडोसा करायचा. शेजारी उदबत्तीही असते, त्याला कोणी हरकत घेत नाही. फादर कबरींवर पवित्र पाणी शिंपडतात, मृतांसाठी मिस्सा होते.

नुकताच पितृपंधरवडा उरकलेल्या शेजाऱ्याला हे श्राद्धच वाटले तर नवल नाही. पण इथे पिंड नाही, नैवेद्य नाही. मृताला काही पोचवायचे नसते. त्याच्यासाठी देवाकडे मागायचे असते. शुद्धिस्थानातल्या आत्म्यांना जिवंतांच्या प्रार्थनेची मदत होते, ही कॅथलिक श्रद्धा. फ्रान्समधल्या क्लूनी मठाचे प्रमुख ओडिलो यांनी इ. स. ९९८च्या सुमारास आपल्या मठांना हा दिवस लावून दिला आणि पुढे तो सगळीकडे रूढ झाला. श्रद्धेला आधार दिला जातो तो मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा. लढाईत पडलेल्या सैनिकांसाठी यहूदा मक्काबीने यरुशलेमला पापार्पणाचे पैसे धाडले, अशी हकिगत त्यात आहे.

प्रॉटेस्टंट बायबलात हे पुस्तक नाही आणि शुद्धिस्थानही त्यांना मान्य नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरला ठाण मांडले आणि पुढे सोलापुरातही काम उभारले. त्या परंपरेतल्या मंडळ्यांमध्ये मृतांसाठी प्रार्थना होत नाही. गेलेल्याच्या आयुष्याबद्दल देवाचे आभार मानायचे आणि घरच्यांसाठी सांत्वन मागायचे. मग ही माणसे कबरस्तानात जातात कधी? ईस्टरच्या पहाटे. आठवड्याच्या पहिल्या दिवशी पहाटेच सुगंधी द्रव्ये घेऊन स्त्रिया येशूच्या कबरेपाशी गेल्या आणि कबर रिकामी दिसली, असे लूक सांगतो. म्हणून उपासना तिथेच, उजाडायच्या आत. आदल्या दिवसांत कबरींना चुना लागलेला असतो, मोगऱ्याचे हार असतात. जुन्या कबरींत पाय पूर्वेकडे असतात, कारण पुनरुत्थानाच्या दिवशी उठणाऱ्याचे तोंड उगवतीला असावे.

शिकवणुकीतला हा फरक खरा आहे, खोटा सलोखा दाखवण्यासाठी तो पुसू नये. मात्र एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच खटकते : पहिल्या पुण्यस्मरणाच्या जेवणावळी. कर्ज काढून गाव जेवू घालावे, असे कोणत्याच पंथाची शिकवण सांगत नाही. स्मरण उपासनेला पाळक, चार नातेवाईक आणि चहा एवढे पुरे.

शिवाय एक काम ज्याचे त्याने करावे. दरवर्षीच्या चुन्याने जुन्या दगडांवरची अक्षरे बुजत चालली आहेत. मिशनच्या काळातले शिक्षक, नर्स, गिरणी कामगार यांची नावे अनेकदा तेवढ्या दगडावरच उरली आहेत. यंदा ब्रश हातात घेण्याआधी नाव आणि साल वहीत उतरवून घ्या, आणि वही मंडळीच्या कचेरीत द्या.

(पुढील भागात : आगमनकाळ)