एका पाण्याला पाणी किती? कालव्यावरच्या गव्हाचा हिशोब

आजचा प्रश्न साधा आहे. आवर्तन सुटलं, तुमची पाळी आली, तर एकरभर गव्हाला चारीचं पाणी किती तास लागतं? बहुतेक वेळा उत्तर येतं, "रान भिजेपर्यंत." पण सात नंबरचा अर्ज भरताना किंवा पाणी वापर संस्थेत वाटप ठरवताना एवढ्यावर भागत नाही, आकडा लागतो. तर मुळा उजव्या कालव्यावरचा, नेवाशाकडचा गहू धरून चालू.

पहिली पायरी, पिकाची तहान. ऊन, तापमान, वारा आणि हवेतला ओलावा यांवरून आधी 'संदर्भ बाष्पोत्सर्जन' काढतात. म्हणजे पाण्याची कमी नसलेल्या, दाट वाढलेल्या गवतातून दिवसाला किती पाणी उडेल ते. याचं सूत्र पेनमन-माँटिथ, एफएओच्या १९९८ सालच्या ५६ क्रमांकाच्या पुस्तिकेतलं. जानेवारीसाठी आपण दिवसाला ४ मि.मी. धरू. गहू ऐन भरात असताना त्याचा पीक गुणांक १.१५. म्हणजे ४ × १.१५ = ४.६ मि.मी. रोज. वीस दिवसांचे झाले ९२ मि.मी. पाऊस शून्य धरलाय.

एकरावर १ मि.मी. पाणी म्हणजे ४,०४७ लिटर. म्हणजे ९२ मि.मी.चे साधारण ३.७ लाख लिटर.

दुसरी पायरी, वाटेतली गळती. सारे पाडून पाटपाणी दिलं की काही मुळांच्या खाली जातं, काही बांधावरून निघून जातं. शेतातली कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर शेताच्या तोंडाशी ६.२ लाख लिटर हवेत. कालवा आणि चाऱ्यांत आणखी ३० टक्के मुरतं असं धरलं, तर धरणातून जवळपास ८.९ लाख लिटर सोडावे लागतात. गव्हाने प्यायले ३.७, धरणातून गेले ८.९!

तिसरी पायरी, तास. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर, तासाला सुमारे १.०२ लाख. म्हणजे शेताशी पूर्ण एक क्युसेक मिळत असेल तर एकराला सहा तास. ताळा करायचाय? एक क्युसेक एक तास चालला की एकरावर जवळजवळ एक इंच पाणी होतं. आपल्याला लागतं सहा इंच. जमलं. चारीला अर्धाच क्युसेक येत असेल, तर मात्र किमान बारा तास.

आता खरी मेख. काळी जमीन मीटरभर खोलीत पिकाला घेता येईल असं, समजा, १६० मि.मी. पाणी धरते. त्यातलं साधारण ५५ टक्के संपेपर्यंत गव्हाला ताण बसत नाही. ते झालं ८८ मि.मी., म्हणजे एकोणीस दिवसांची शिदोरी. आवर्तन तीस दिवसांनी आलं, तर मधले दहा-अकरा दिवस पीक ताणात. आणि सुरुवातीला, पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळं फुटतात तेव्हा, मुळं अजून वरवरच असतात. तिथे तर शिदोरी याहूनही कमी. ते पाणी चुकलं की फुटवे कमी, आणि मागाहून कितीही पाणी दिलं तरी ते भरून निघत नाही.

म्हणून शेपटाकडच्या शेतकऱ्याचं दुखणं दुहेरी. पाणी कमी मिळतं, आणि उशिराही मिळतं. वरच्याने "आलंय तर घेऊ" म्हणत सहाऐवजी दहा तास पाणी घेतलं, तर जादाचं पाणी मुळांखाली जातं आणि खालच्याची पाळी सरकते.

शेवटचा हिशोब. १ टीएमसी म्हणजे सुमारे २.८३ कोटी घनमीटर. वरच्या आकड्यांनी त्यात ३२ हजार एकर गव्हाचं एक पाणी होतं. कालवा-चाऱ्यांतली गळती ३० वरून १५ टक्क्यांवर आणली, तर तेवढ्याच पाण्यात ३८ हजारांच्या पुढे. नवं धरण न बांधता!

यातले गृहीत धरलेले आकडे बदलून तुमच्या शेताचा हिशोब मांडून बघा. जवळच्या हवामान केंद्राची नोंद, तुमची जमीन, तुमच्या चारीचा प्रवाह. कागद-पेन पुरतं. आणि पुढच्या पाणी वाटपाच्या बैठकीला तो कागद खिशात ठेवा. भेटू पुढच्या भागात.