बॅकगॅमन शिकायचंय? आधी सारीपाटाची भाषा आठवा

शिरवळसारख्या गावात एखादा मुलगा मोबाइलवर बॅकगॅमन उघडतो आणि दोन मिनिटांत अडतो. नियम तसे अवघड नाहीत, अडवतात ते शब्द. ब्लॉट म्हणजे काय? बार कुठे असतो? गॅमन झाला म्हणजे नेमकं किती हरलो?

गंमत अशी, की यातलं बरंचसं आपल्या ओळखीचं आहे. शिरवळपासून फार लांब नसलेल्या जेजुरीच्या खंडोबाची कथाच घ्या. म्हाळसेशी सारीपाट खेळताना देव हरला आणि बारा वर्षं घर सोडून बाणाईकडे चाकरीला गेला, असं लोकगीतं सांगतात. दान उलटं पडणं म्हणजे काय, हे ती गोष्ट ऐकलेल्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

आता पट बघू. त्यावर 24 लांब त्रिकोण असतात. त्यांना पॉइंट म्हणतात, आपण घरं म्हणू. दोघांकडे 15-15 सोंगट्या आणि खेळायला दोन फासे. दोन्ही फाशांवर सारखाच आकडा आला तर ते डबल, म्हणजे तो आकडा चारदा चालायचा. दोघं विरुद्ध दिशांनी पळतात. तुमच्या वाटेवरची शेवटची सहा घरं म्हणजे तुमचा होम बोर्ड. सगळ्या सोंगट्या तिथे पोचल्या की त्या पटाबाहेर काढायच्या, त्याला बेअर ऑफ म्हणतात. ज्याच्या आधी संपल्या तो जिंकला.

खरी मारामारी आहे ती ब्लॉटची. घरात एकटी पडलेली सोंगटी म्हणजे ब्लॉट. समोरच्याची सोंगटी तिथे आली की ती मेली आणि मधल्या पट्टीवर, म्हणजे बारवर गेली. तिथून ती समोरच्याच्या होम बोर्डात पुन्हा शिरेपर्यंत तुम्हाला दुसरं काहीही हलवता येत नाही. दोन सोंगट्या एकत्र असल्या तर मात्र कोणी हात लावू शकत नाही. सारीपाटात अशा जोडीला जुग म्हणत.

नवखे इथेच फसतात. शत्रू लांब आहे म्हणजे आपण सुरक्षित, असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात तो एका घरावर असेल तर 36 पैकी 11 दानांत तुम्हाला मारतो. सहा घरांवर असेल आणि मधला रस्ता मोकळा असेल, तर 17 दानांत! कारण 6 पडला तरी चालतो आणि 5-1, 4-2 अशी बेरीजही चालते. सात घरांवर मात्र हाच आकडा 6 वर येतो. एकटी सोंगटी ठेवावीच लागली, तर एवढं मोजूनच ठेवा.

पिप म्हणजे चालायचं अंतर. सुरुवातीला प्रत्येकाला 167 पिप चालायचे असतात.

हरणाऱ्याची एकही सोंगटी बाहेर निघालेली नसेल तर तो गॅमन, हार दुप्पट. त्यातही एखादी बारवर किंवा विजेत्याच्या होम बोर्डात अडकलेली असेल तर बॅकगॅमन, तिप्पट.

राहिला डबलिंग क्यूब. 2 पासून 64 पर्यंत आकडे असलेला हा ठोकळा 1920 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये आला. वरचढ वाटणारा खेळाडू तो पुढे करतो: पैज दुप्पट, घेतोस की डाव सोडतोस? चारांतला एक डाव तरी जिंकता येईल असं वाटलं तर घ्यावा, नाहीतर तिथेच सोडावा.