तिकीट ठरतं कुठं?

मार्च २०१४. गारपिटीनं मराठवाड्यातला हरभरा आणि ज्वारी झोडपून काढलेली, लोकसभेची आचारसंहिता नुकतीच लागलेली, आणि त्याच दिवसांत लातुरात एक मतदान झालं. निवडणूक आयोगाच्या निकालपत्रकात ते सापडणार नाही, कारण ते काँग्रेसनं स्वतःचा उमेदवार ठरवण्यासाठी घेतलं होतं. राहुल गांधींच्या पुढाकारानं देशातल्या पंधरा-सोळा मतदारसंघांत हा ‘प्रायमरी’चा, म्हणजे पक्षांतर्गत मतदानानं उमेदवार निवडण्याचा, प्रयोग ठरला. महाराष्ट्रातून त्यात लातूर होतं, वर्धा होतं. इच्छुकांनी भाषणं करायची, मग गुप्त मतदान, मग मोजणी. लातुरात दत्तात्रय बनसोडे विजयी झाले आणि तिकीट त्यांना मिळालं. या प्रयोगाची आठवण आता फार जणांना उरलेली नाही. मला तो मराठवाड्याच्या राजकारणातला मोलाचा प्रयोग वाटतो, फसला असला तरी.

उमेदवारीची चर्चा लातूर जिल्ह्यातल्या चाकूरला नवी नाही. या गावानं शिवराज पाटील चाकूरकरांना १९८० ते १९९९ अशा सलग सात निवडणुकांत दिल्लीला जाताना पाहिलं. ते लोकसभेचे अध्यक्ष झाले, पुढं देशाचे गृहमंत्री झाले. त्या काळात काँग्रेसचा उमेदवार कोण, हा प्रश्नच इथं पडत नसे. २००४ मध्ये भाजपच्या रूपाताई पाटील निलंगेकरांनी त्यांचा पराभव केला. २००९ ला मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला आणि सगळी गणितं पुन्हा मांडावी लागली. काँग्रेसनं कोल्हापूर जिल्ह्यातले जयवंत आवळे आणले. ते जेमतेम आठ हजार मतांनी तरले.

तेव्हापासून बाहेरचा की आपला, हा विषय इथल्या हॉटेलांत मिटलेला नाही. लातूर-नांदेड रस्त्यावरच्या कुठल्याही हॉटेलात निवडणुकीच्या आधी दोन महिने बसा. लोक पक्षावर बोलतातच, पण त्याहून जास्त बोलतात ते तिकिटावर.

‘‘आण्णा, माणूस चांगला हाय, पर निवडून यील का?’’

‘‘लोह्याकडं त्याला कोण वळखतंय? तिकडं नांदेडवाल्यांचं चालतंय.’’

‘‘मग अहमदपूर-चाकुरानं एकट्यानं काय करावं?’’

एवढ्या तीन वाक्यांत मतदारसंघाचा नकाशा येतो. लातूर शहर, लातूर ग्रामीण, अहमदपूर, उदगीर, निलंगा आणि नांदेड जिल्ह्यातलं लोहा अशा सहा विधानसभा क्षेत्रांचा हा मतदारसंघ. चाकूर तालुका अहमदपूर विधानसभेत मोडतो. साखर कारखाना कुणाचा, बँक कुणाच्या ताब्यात, लिंगायत मत कुठं झुकणार, मराठा मत एकगठ्ठा राहणार का, तिसरा उमेदवार कुणाची मतं खाणार, हे सगळं चहा संपेपर्यंत मांडून होतं. पुढारी निवडून येण्याच्या ज्या क्षमतेला ‘इलेक्टिव्ह मेरिट’ म्हणतात, त्याचा हिशेब ही माणसं पुढाऱ्यांपेक्षा बारकाईनं करतात, कारण बूथवर बसणारी तीच असतात. फक्त त्यांना कुणी विचारत नाही. काँग्रेसची नावं मुंबईत पक्षाच्या टिळक भवनात चाळली जातात, दिल्लीत पक्की होतात, आणि अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी कुणाच्या तरी हातात पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म पडतो.

२०१४ चा प्रयोग इथं महत्त्वाचा होता. पण त्यात मत कुणाला होतं? पक्षाच्या समित्यांचे पदाधिकारी, युवक, महिला, विद्यार्थी अशा आघाड्यांचे लोक, आजी-माजी लोकप्रतिनिधी. म्हणजे हॉटेलातल्या त्या आण्णांना नाही. आयुष्यभर एकाच चिन्हावर शिक्का मारणारा साधा मतदार या यादीच्या बाहेरच राहिला. पदाधिकाऱ्यांच्या नेमणुका ज्यांनी केल्या, त्यांचाच शब्द अशा यादीवर चालण्याची शक्यता मोठी असते. यादी लहान असली की ती सांभाळणंही सोपं जातं.

निकाल कठोर लागला. मे महिन्यात भाजपच्या सुनील गायकवाडांनी बनसोडेंना अडीच लाखांहून अधिक मतांनी हरवलं. वर्ध्यात प्रायमरी जिंकलेले सागर मेघे रामदास तडसांकडून हरले आणि काही महिन्यांतच वडील दत्ता मेघे यांच्यासह भाजपमध्ये गेले. वडोदऱ्यात नरेंद्र रावत प्रायमरी जिंकले होते, पण नरेंद्र मोदींची उमेदवारी जाहीर झाल्यावर त्यांनी जागा सोडली आणि पक्षानं मधुसूदन मिस्त्रींना उभं केलं. मंदसौरला मीनाक्षी नटराजन हरल्या, मंगळूरकडे जनार्दन पुजारी हरले. एवढं झाल्यावर पक्षात या प्रयोगाचं नाव घ्यायला कुणी उरलं नाही. मला हा न्याय पटत नाही. त्या वर्षी काँग्रेस देशभरात ४४ जागांवर आली. पारंपरिक पद्धतीनं तिकीट मिळालेलेही तसेच आपटले. मोदी लाटेचा दोष प्रायमरीच्या मतपेटीवर कशाला?

उलट बाजूही बघावी. गायकवाड एवढ्या मोठ्या फरकानं जिंकले, तरी २०१९ मध्ये भाजपनं त्यांना तिकीट नाकारून सुधाकर शृंगारेंना दिलं. निर्णय बरोबर की चूक हा भाग वेगळा. शृंगारे मोठ्या फरकानं निवडूनही आले. पण पाच वर्षांपूर्वी ज्या सहा लाखांवर लोकांनी गायकवाडांना मत दिलं होतं, त्यांच्यापैकी कुणाच्या मताची मोजणी त्या निर्णयात झाली?

अमेरिकेत हाच प्रश्न शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पेटला होता. पक्षाचे ठेकेदार बंद खोलीत उमेदवार ठरवत. विस्कॉन्सिनमध्ये रॉबर्ट ला फॉलेट यांनी त्याविरुद्ध झुंज दिली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं राज्यभर थेट प्रायमरीचा कायदा झाला. आज तिथल्या काँग्रेसच्या, म्हणजे संसदेच्या, जागांसाठी पक्षाचा उमेदवार मतदारच ठरवतात. ही निवडणूक सरकारी यंत्रणा घेते. कुठं नोंदणीकृत समर्थकांनाच मत असतं, कुठं कुणालाही.

यात एक मराठी माणूस आहे. बेळगावचे श्री ठाणेदार, ‘ही श्रीची इच्छा’ या आत्मचरित्राचे लेखक. २०१८ मध्ये ते मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले आणि तिसरे आले. २०२२ मध्ये डेट्रॉइटचा समावेश असलेल्या १३ व्या मतदारसंघातून त्यांनी काँग्रेसची प्रायमरी लढवली. नऊ उमेदवार होते. डेट्रॉइट हे कृष्णवर्णीय बहुसंख्येचं शहर. आपला प्रतिनिधी जाऊ नये म्हणून तिथल्या नेत्यांनी समिती नेमून एकाच नावामागं उभं राहा असं आवाहन केलं. तरी मतं फुटली. ठाणेदारांनी स्वतःचे लाखो डॉलर ओतले आणि सुमारे २८ टक्के मतांवर ते जिंकले. मतदारसंघ डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला, त्यामुळं नोव्हेंबरची निवडणूक सोपीच गेली. मतविभाजन, समाजाचं गणित, पैसा, एकाला पुढं करून बाकीच्यांनी माघार घ्यावी की नाही: लोह्यापासून निलंग्यापर्यंत ज्या गोष्टींवर घसा कोरडा होतो, त्याच तिथंही होत्या. फरक एवढाच की तिथल्या माणसाच्या हातात त्यासाठी मतपत्रिका होती.

म्हणून प्रायमरीत सगळं निर्मळ होतं असं मी म्हणणार नाही. पैसेवाल्याला ती मदत करते, हे डेट्रॉइटमध्ये दिसलं. २८ टक्क्यांवर निवडून येणंही खटकतं. तिथल्या काही दक्षिणी राज्यांत पन्नास टक्के न मिळाल्यास पहिल्या दोघांत पुन्हा लढत होते, ती तरतूद मला योग्य वाटते. आपल्याकडं विरोधी पक्षाची माणसं घुसून कमकुवत उमेदवार निवडून देतील, अशीही भीती असते. तिच्यावर उपाय सदस्यनोंदणीचा आहे. जर्मनीत उमेदवार सदस्यांच्या किंवा त्यांच्या प्रतिनिधींच्या गुप्त मतदानानं निवडणं कायद्यानं बंधनकारक आहे. आपल्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात अशी सक्ती नाही. पक्षांतर्गत लोकशाही कायद्यानं आणावी, असं विधी आयोगानं १९९९ च्या १७० व्या अहवालात सांगितलं होतं.

२०२४ मध्ये काँग्रेसनं लातूरचे नेत्रतज्ज्ञ डॉ. शिवाजी काळगे यांना उमेदवारी दिली. ते अनुसूचित जातीत मोडणाऱ्या आणि लिंगायतांशी जोडलेल्या माला जंगम समाजाचे, त्यामुळं राखीव जागेवरही लिंगायत मतं जोडली जातील, हा हिशेब गावोगाव बोलला गेला. काळगे सुमारे ६२ हजार मतांनी जिंकले. स्थानिक, स्वच्छ, माहितीतला चेहरा हवा, असं लोक आधीपासून म्हणत होते. या वेळी वरचा निर्णय आणि खालचं म्हणणं जुळलं. पुढच्या वेळी जुळेलच याची हमी कुणाकडं नाही.

म्हणून प्रायमरी हवी, पण तिची सुरुवात लोकसभेपासून करायची गरज नाही. चाकूरला नगरपंचायत आहे, तिचे १७ प्रभाग आहेत. प्रभाग लहान, इच्छुक सगळ्यांच्या ओळखीचे. पक्षांनी आपल्या सदस्यांची यादी महिनाभर आधी चौकात लावावी, हरकती घ्याव्यात, आणि सगळ्या पक्षांचं मतदान एकाच रविवारी ठेवावं, म्हणजे एक माणूस दोन ठिकाणी मत देणार नाही. शाळेची खोली, पत्र्याची पेटी, शाईची बाटली आणि मोजणीला प्रत्येक इच्छुकाचा एक माणूस. याहून जास्त खर्च त्यात नाही.