दुबार पेरणी आणि वर्षाचा बेत

कोरडवाहू घराचा जमाखर्च : भाग 6

मिरगाच्या पहिल्या सरीवर तिफन चालली, मग दोन आठवडे उघाड पडली आणि फुटलेला कोंब काकरातच वाळून गेला. वऱ्हाडात दर काही वर्षांनी हे घडते. 2014 चा जून देशभर कोरडा गेला, तेव्हा घाईने पेरलेल्या अनेकांना जुलैत पुन्हा बियाणे घ्यावे लागले. 2020 साली पाऊस होता, पण बियाणेच उगवले नाही. 2019 च्या ऑक्टोबरात ऐन सोंगणीच्या वेळी सोयाबीन भिजले होते आणि तसलाच माल पुढे पिशव्यांमधून बियाणे म्हणून आला. अकोला-अमरावतीपासून मराठवाड्यापर्यंत तक्रारींचा पाऊस पडला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली.

मागच्या भागात आपण पेरणीआधी वर्षाचा बेत कसा मांडावा ते पाहिले. तो बेत जुलैतच कोसळला तर काय करायचे, हा आजचा विषय. माझे निरीक्षण असे, की अशा वेळी वावर दुबार पेरले जाते, बेत मात्र जुनाच राहतो. उत्पन्न घटणार हे दिसत असते, तरी स्लॅब याच दिवाळीत टाकायचा असतो आणि ट्रॅक्टरसाठी भरायची रक्कमही तेवढीच धरलेली असते. पुढच्या उन्हाळ्यात डोक्यावर बसते ते कर्ज बऱ्याचदा या न बदललेल्या बेताचे असते. दुबार बियाण्याचा खर्च त्यापुढे लहान असतो.

पहिले काम मोजण्याचे. धुऱ्यावर उभे राहून वावर मेले की जगले ते कळत नाही. घाबरलेल्या डोळ्यांना सगळेच ओसाड दिसते. एक मीटरची काठी घ्या, वावरात आडवे-तिडवे फिरा, आठ-दहा ठिकाणी ती तासाला लावा आणि रोपे मोजा. सोयाबीन दीड फुटावर पेरले असेल, तर शिफारशीप्रमाणे एका मीटरमध्ये साधारण वीस रोपे असायला हवीत. बारा-चौदा भरली तर पीक मोडायची घाई करू नका. सोयाबीन मोकळ्या जागेत फांद्या फोडते आणि बरीचशी तूट स्वतःच भरून काढते. रिकाम्या तासांत खांडण्या भरल्या की काम भागते. निम्म्याहूनही कमी रोपे असतील तरच दुबार पेरणीचा विचार करा. तोही सरसकट पाच एकरांचा नको, ज्या पट्ट्यात रोपे नाहीत तेवढ्यापुरता करा.

दुसरे काम तारीख पाहण्याचे. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ पाऊस लांबला की आपत्कालीन पीक नियोजन जाहीर करते. त्याकडे आपण खतांची जाहिरात पाहावी तसे पाहून पुढे जातो. खरे तर संकटात बेत कसा बदलावा याचा इतका नेमका नमुना मला दुसरीकडे दिसलेला नाही. त्यात ‘धीर धरा’ असे काही नसते. उरलेल्या दिवसांत काय बसते, एवढेच असते. जुलैचा पहिला आठवडा उलटला की मूग-उडदाचा नाद सोडायचा. महिना मध्यावर आला की कोरडवाहू पऱ्हाटीचा मोह आवरायचा आणि त्यानंतर लवकरच सोयाबीनचाही. त्यापुढे तूर, तीळ, सूर्यफूल. उशिरा पेरताना ओळी जवळ घ्यायच्या आणि बियाणे थोडे जास्त टाकायचे. दिवस लहान होऊ लागले की सोयाबीन अंगाने वाढण्याआधीच फुलावर येते. झाड लहान राहणार हे आधीच मान्य करून झाडांची संख्या वाढवायची, असा हा विचार आहे.

खारपाण पट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूरकडे, आणखी एक वाट आहे. तिथे विहिरीचे पाणी खारे, त्यामुळे वाळते रोप ओलिताने वाचवता येत नाही. पण तिथली खोल काळी माती ओल धरून ठेवते. त्यामुळे एक-दोन एकर खरिपात न पेरता, वखरून तणमुक्त ठेवून, सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्यात जॅकी 9218 सारखा हरभरा घेता येतो. शेजाऱ्याचे वावर हिरवे असताना आपले काळे ठेवायला छाती लागते. गाव विचारतेच, ‘काहून पेरलं नाही?’ मला हा प्रश्न दुबार पेरणीच्या खर्चाइतकाच महाग वाटतो, कारण तो टाळण्यासाठी कितीतरी जण ऑगस्टमध्ये उधारीचे बियाणे मातीत घालतात.

आता घरातला हिशेब. समजा पाच एकर सोयाबीन. एकरी सात क्विंटल धरून पस्तीस क्विंटल, 4500 रुपये भावाने 1,57,500 रुपये येतील असा बेत होता. भाव मुद्दाम कमी धरला आहे. 2025-26 चा हमीभाव 5328 रुपये असला, तरी बाजार समितीत तो मिळेलच असे समजून बेत करू नये. दुबार पेरणीनंतर एकरी चार क्विंटल धरा. 90,000 रुपये येतात, आणि त्यातून दुसऱ्या बियाण्याचा व पेरणीचा खर्च वजा जायचा. म्हणजे साठ-सत्तर हजारांहून मोठा खड्डा. तो कागदावर लिहा आणि घरातल्या सगळ्यांसमोर वाचा. बायको, म्हातारे वडील, बारावीतली मुलगी, सगळ्यांसमोर. बऱ्याच घरांत हा आकडा एकट्या कर्त्या माणसाच्या डोक्यात राहतो आणि तिथेच त्याला खातो.

मग बेतातल्या कामांची दोन गटांत वाटणी करा : न थांबणारी आणि थांबू शकणारी. मुलीची प्रवेश फी यंदाच भरावी लागते. ते वर्ष पुन्हा येत नाही. पीककर्जही मुदतीतच फेडायचे, कारण तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावरची व्याज सवलत मुदत चुकली की हातची जाते. स्लॅब मात्र एक वर्ष थांबतो. लग्न पुढे ढकलता येत नसेल, तर निदान जेवणावळ लहान करता येते. स्पर्धा परीक्षेसाठी अमरावतीत खोली घेऊन राहिलेल्या मुलाला घरी बोलावून अभ्यास सुरू ठेवायला सांगणे कठीण वाटते, पण त्याच्याशी मोकळे बोलले तर तो स्वतःच मार्ग सुचवतो. परीक्षा सोडायची नसते, खोलीचे भाडे सोडायचे असते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे जुलैत कळले तर मुलाचे वर्ष वाचते.

शेवटी कागद. बियाणे उगवले नाही, तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. त्यासाठी पावती, पिशवी, टॅग आणि मूठभर बियाणे जवळ हवे. म्हणून पेरताना पिशवी खालून फाडायची, वरची शिवण आणि टॅग शाबूत ठेवायचा. दुबार पेरणीत पीक बदलले, तर ई-पीक पाहणीत नवेच पीक नोंदवा आणि विम्याचा अर्ज त्याच्याशी जुळतो का ते पाहा. एक रुपयातला विमा 2025 च्या खरिपापासून संपला आहे. आता हप्ता खिशातून जातो, तेव्हा विमा सोयाबीनचा आणि वावरात तीळ, असा घोळ परवडणार नाही. सातबाऱ्यावर नावे दोन भावांची असतील, तर ही नोंद कोण करणार ते आजच ठरवून टाका.

पुढच्या भागात : मक्त्याने केलेल्या वावरात पीक बुडाले, तर मक्ता कोणी आणि किती सोसायचा.