सावलीतली उपासमार

समजा, तुम्ही पाइनच्या जंगलात उभे आहात. रांगेत उभी सरळसोट झाडं, खाली गार सावली, पायाखाली वाळक्या पानांचा मऊ थर. फोटोसाठी जागा एक नंबर! आता हेच जंगल हरणाच्या नजरेनं बघा. खायला काय आहे इथे? जवळजवळ काहीच नाही.

अमेरिकेच्या आग्नेय भागात, जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी या राज्यांत अशी जंगलं मैलोन् मैल पसरली आहेत. बहुतेक खासगी मालकीची. लाकडासाठी ‘लॉबलॉली’ जातीच्या पाइनची एकरी ५०० ते ७०० रोपं लावतात. पहिली काही वर्षं मधल्या जागेत गवत, वेली, काटेरी ब्लॅकबेरी माजते आणि पांढऱ्या शेपटीच्या हरणांची चंगळ असते. मग झाडांचे शेंडे एकमेकांना भिडतात, ऊन अडतं आणि खालचा पाला संपतो. हरणाचं तोंड जेमतेम चार-साडेचार फुटांपर्यंत पोचतं. वर हिरवंगार छत असून त्याला काय उपयोग?

उपाय ऐकून दचकाल : झाडं तोडा आणि जंगलाला आग लावा!

साधारण १२ ते १८ वर्षांनी पहिली विरळणी होते. वाकडी, कमजोर झाडं काढून कागदाच्या लगद्यासाठी विकतात. उरलेल्या झाडांना जागा मिळते, ती जाड होतात आणि पुढे इमारती लाकूड म्हणून महाग विकली जातात. जमिनीवर ऊन पडलं की पाला पुन्हा फुटतो. मग दर दोन-तीन वर्षांनी, वारा आणि ओल बघून, जाळरेषा आखून, प्रशिक्षित माणसं हलकी आग फिरवतात. जाड सालीचे पाइन तगतात, झुडपं जळून कोवळे धुमारे येतात. सगळं एकदम मात्र जाळत नाहीत. पाडसांना लपायला दाट जागा हवीच.

खरी ओढाताण हिशेबात आहे. हरणांसाठी ऊन हवं तर झाडं जास्त काढावी लागतात, म्हणजे लाकूड कमी. पण लाकडाचा पैसा बऱ्याच वर्षांनी येतो. शिकारी मंडळांना जमीन भाड्यानं दिली तर दरवर्षी. त्यामुळे हरणं जगवणं मालकाला परवडतं.

‘म्हणजे मारण्यासाठीच जगवायचं?’ प्रश्न रास्त आहे. पण १९०० च्या सुमारास बेसुमार शिकारीमुळे अमेरिकेत ही हरणं जेमतेम पाच लाख उरली होती. आज ती अंदाजे तीन कोटी आहेत. परवाने, ठरावीक हंगाम आणि मर्यादा आल्या. १९३७ च्या कायद्यानं बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांकडे वळवला. लांडगे बहुतेक भागांतून नाहीसे झाल्यानं संख्या आवरायलाही शिकारी लागतात.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे आणि जंगलात आग लावणं गुन्हाच. त्यामुळे ही पद्धत उचलून इथे आणायची नाही. उचलायचा आहे तो प्रश्न. कॉलेजच्या पुढच्या वृक्षारोपणात रोपं किती लावली, एवढंच मोजून थांबू नका. दहा वर्षांनी त्यांच्याखाली काय उगवेल आणि ते कोण खाईल, हेही विचारा.