न जन्मलेल्या मुलीनं सांगितलेली गोष्ट

पणजीचे हात निळे आहेत. गुलामीत निळीच्या हौदात राबलेले हात. सुटका होऊन चाळीस वर्षं होत आली, तरी रंग उतरलेला नाही. खरं तर नीळ कातडीवर इतकी टिकत नाही. दिग्दर्शिका ज्युली डॅश यांना हे ठाऊक होतं. पण गुलामीची खूण म्हणून त्यांना चाबकाचे वळ पुन्हा दाखवायचे नव्हते. त्यांनी रंग निवडला.

त्यांचा ‘डॉटर्स ऑफ द डस्ट’ हा चित्रपट १९९१ सालचा. काळ १९०२ चा, जागा अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरची बेटं. भात आणि निळीच्या लागवडीसाठी पश्चिम आफ्रिकेतून धरून आणलेल्यांचे वंशज, गल्ला लोक, इथं राहतात. त्यांच्या बोलीला अडाण्यांची मोडकीतोडकी इंग्रजी म्हणून हिणवलं जाई. भाषाशास्त्रज्ञ लोरेंझो टर्नर यांनी १९४९ मध्ये तिच्यात हजारो आफ्रिकी शब्द आणि नावं दाखवून दिली. त्यांत पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांची नावंही होती.

आजोबा गेल्यावर घरात मुलगा जन्मला, तर योरुबा लोक त्याचं नाव ठेवतात बाबातुंडे, म्हणजे ‘बाबा परत आले’. आजीनंतर मुलगी झाली, तर येतुंडे, ‘आई परत आली’. गेलेली माणसं परत येतात, हा विश्वास मनात धरून चित्रपट पाहिला की एक अद्भुत गोष्ट उलगडते. निळ्या हातांच्या त्या पणजीसोबत कथा सांगणारी दुसरी निवेदिका अजून आईच्या पोटात आहे! तिची आई यूला हिच्यावर अत्याचार झालाय. मूल आपलं की परक्याचं, या शंकेनं नवरा ईलाय पोखरला गेलाय. त्याचा विश्वास तुटण्याआधी पोचायचं म्हणून ती मुलगी केसांत निळी फीत बांधून धावत येते. ईलाय लोहार आहे. त्याला घडवताना डॅश यांच्यासमोर होता योरुबांचा लोखंडाचा देव ओगुन.

१८०३ मध्ये जॉर्जियाच्या सेंट सायमन्स बेटावर आफ्रिकेतून आणलेल्या कैदी इग्बो लोकांनी गुलामी नाकारून खाडीत पाऊल टाकलं. लोककथा म्हणते, ते पाण्यावरून चालत घरी गेले. यूला हीच कथा सांगते आणि ईलाय खरोखर पाण्यावरून चालत जातो. याच चित्रपटात एक म्हातारा सांगतो, ते बुडाले, पाण्यावरून कुणी चालत नाही. डॅश दोघांनाही बोलू देतात. मरण लपवायचं नाही आणि परतीची वाटही बुजवायची नाही, एवढं मोठं या कथेचं काळीज आहे.

शेवटी कुटुंबातले बरेच जण बेट सोडून जातात, पण यूला आणि ईलाय तिथंच राहतात. बाळ सुखरूप येईल ना, ही काळजी मात्र आपल्याला उरत नाही. पहिल्यापासून तीच तर आपल्याशी बोलत होती.